रेल्वेच्या आठवणी : सांगणारे आणि ऐकणारे

कोरेगाव भीमाला रेल्वे नाही. पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, नगर रस्त्याला लागून, भीमेच्या काठी असलेल्या या गावाने एसटी पाहिली, मालट्रक पाहिले, सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या बसगाड्या पाहिल्या. पण इंजिनाची शिट्टी ऐकायची तर दक्षिणेला सोलापूरच्या लाईनवर, उरुळीला नाहीतर केडगावला जावे लागते. तरीही इथल्या कोणत्याही वयस्क माणसाला बोलते करा, त्याच्याजवळ रेल्वेची एक तरी आठवण निघतेच. कारण इथले बरेच लोक कुठून तरी आलेले आहेत. कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून, कोणी थेट उत्तरेतून, आणि बायका तर सगळ्याच कुठून ना कुठून आलेल्या.

आम्ही या गावात राहतो आणि जवळच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. हा लेख रेल्वेवर नाही. रेल्वेच्या आठवणी मराठीत आणि उर्दूत कशा लिहिल्या गेल्या, आणि ते लेखन वाचून तयार झालेले आमच्यासारखे लोक घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे कसे ऐकतात, यावर आहे. या दुसऱ्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

आठवीच्या वर्गाला आम्ही एक मज़मून दिला होता. 'रेल का सफ़र' हा उर्दू शाळांतला फार जुना विषय. आमच्या उस्तादांनी आम्हाला दिला, त्यांच्या उस्तादांनी त्यांना. थोडा बदल करावा म्हणून आम्ही मुलांना सांगितले, की स्वतःचा प्रवास लिहू नका, घरातल्या दादा-दादींना, नाना-नानींना त्यांचा प्रवास विचारा आणि तो लिहून आणा. हेतू चांगला होता. मुलांनी म्हाताऱ्या माणसांजवळ घटकाभर बसावे, एवढीच अपेक्षा. वह्या आल्या. कोळशाचे इंजिन, डोळ्यांत जाणारी काजळी, सुराहीतले पाणी, रुमालात बांधलेल्या रोट्या, खिडकीसाठी भावंडांची भांडणे आणि शेवटी खालाच्या किंवा मामूच्या घरी पोचल्याचा आनंद. जवळजवळ सर्व वह्यांत हेच. आम्ही खूश झालो आणि गुण देत सुटलो.

एका मुलीची वही वेगळी निघाली. तिने अर्धेच पान लिहिले होते. तिची दादी येवल्याची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिकीट स्वस्त पडते म्हणून वऱ्हाड रेल्वेने निघाले. दादीने रेल्वे पहिल्यांदाच पाहिली. पुढे मुलीने लिहिले होते, की दौंडला गाडी फार वेळ थांबली आणि मग आली त्याच बाजूला उलटी चालू लागली. दादीला वाटले, गाडी परत येवल्याला निघाली. ती खूश झाली. मग पुणे आले. मज़मून संपला.

आम्ही लाल शाईने खाली शेरा मारला : 'रेल उलटी नहीं चलती. हक़ीक़त जाँच कर लिखो.' दहापैकी चार गुण दिले. मुलगी काही बोलली नाही. टीचरचा शेरा म्हणजे शेरा.

आता आम्ही असे का केले, हे तपासायचे तर आमच्या वाचनाकडे यावे लागते.

मराठी मुलखात आगगाडी हिंदुस्थानात सर्वांत आधी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. दहा वर्षांनी गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' छापले गेले, त्यात या नव्या वाहनाची दखल आहे. तोपर्यंत रूळ पुण्यावरून दौंडमार्गे सोलापूरला पोचून तीन वर्षे झाली होती. म्हणजे शिरूर-दौंडकडच्या घरांतून पाच-सहा पिढ्यांनी रेल्वे पाहिलेली आहे. पण मराठी वाचकाच्या मनात जी आगगाडी धावते ती या इतिहासातली नव्हे. ती ग. दि. माडगूळकरांच्या बालगीतातली आहे. ते गीत कोणते, हे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात बालवाडीत गेलेल्या प्रत्येकाला ते येते. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांनाही येते, शेजारच्या मुलांकडून शिकलेले. त्या गीतातली गाडी मामाच्या गावाला जाते. मामा आहे, त्याचे घर भरलेले आहे, सुट्टी लागलेली आहे आणि तिकीट कोणीतरी काढलेले आहे. बालगीताने एवढेच करायचे असते आणि माडगूळकरांनी ते फार सुरेख केले आहे. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती मोठ्यांच्या गद्याबद्दल. गेल्या काही दशकांत दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून रेल्वेवरचे आठवणवजा लेख सतत येत राहिले. त्यांतला फार मोठा भाग त्या बालगीताचेच गद्य रूपांतर आहे. लेखक खिडकीशी बसलेला असतो. बाहेर टेलिफोनच्या तारांवर पक्षी असतात. आई डबा उघडते. वडील प्लॅटफॉर्मवर उतरून पाणी आणायला जातात आणि गाडी सुटेल म्हणून पोटात गोळा येतो. पु. ल. देशपांडे यांच्या लेखनाने डब्यातल्या सहप्रवाशांकडे हसत पाहायला शिकवले. पुढे त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी हसणे ठेवले, पाहणे सोडले. दुसरा एक प्रकार आहे, बंद पडलेल्या किंवा रुंद झालेल्या छोट्या लाईनींवरचा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला, बार्शी लाईट रेल्वे, आमच्याकडची दौंड-बारामती. या लेखांत रूळ अडीच फुटी होते, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शीची लाईन १८९७ मध्ये सुरू केली, अशी माहिती चोख असते. ती उपयोगी आहे, आम्हीही तिचा उपयोग करतो. पण पंढरीच्या वारीला त्या डब्यांत कोंबून गेलेली म्हातारी त्या लेखात दिसत नाही. दिसली तर गर्दीचा एक भाग म्हणून.

याला मराठीत स्मरणरंजन असा चांगला शब्द आहे. रंजन हा त्यातला अर्धा शब्द आहे, हे विसरू नये. ज्याचे रंजन व्हायचे तो वाचक आधी ठरतो, मग स्मरण त्याच्या मापाने कापले जाते.

ज्यांच्या आठवणी या मापात बसत नाहीत, त्यांनी मराठीच्या बाहेर काही लिहिले आहे असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. ते तेव्हा लहान मुलगा होते. भावंडांबरोबर साताऱ्याहून निघाले, वडिलांकडे जायचे म्हणून. नवे कपडे घातलेले, आयुष्यातला पहिलाच रेल्वेप्रवास, मनात हौस भरलेली. इथपर्यंत ही कोणत्याही मराठी मुलाची सुट्टीची आठवण आहे. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, आणि ही मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलतो. पुढे बैलगाडीवाला दुप्पट भाड्याने तयार होतो, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि त्याने बाजूने चालावे या बोलीवर. रेल्वेच्या आठवणींची निवड करणाऱ्या संपादकांना या मजकुराची आठवण होत नाही, कारण तो त्यांनी 'अस्पृश्यता' या कप्प्यात ठेवलेला असतो. आमच्या मते तो मराठी माणसाने लिहिलेल्या रेल्वेप्रवासाच्या थोर वर्णनांपैकी एक आहे. आणि अण्णा भाऊ साठे? ते वाटेगावहून वडिलांबरोबर मुंबईला पायी चालत गेले. तिकिटाला पैसे नव्हते. त्यांच्या प्रवासात आगगाडी असलीच तर ती दुरून दिसणारी. तीही एक रेल्वेची आठवणच.

आता उर्दूकडे. उर्दू वाचकाला निरागस आगगाडी फार काळ मिळाली नाही. कृश्न चंदर यांची 'पेशावर एक्सप्रेस' ही कथा फाळणीच्या लगेच नंतरची. त्यात गाडी स्वतः बोलते. पेशावरहून निघते, दोन्ही बाजूंची कत्तल पाहत, प्रेते वाहत मुंबईला पोचते. आम्ही ती बारावीनंतर वाचली आणि कित्येक दिवस रेल्वेत बसताना आम्हाला डब्याच्या फरशीकडे पाहवत नसे. कथा म्हणून ती थोडी हिशेबी आहे, हेही सांगितले पाहिजे. एका बाजूचे इतके मेले तर दुसऱ्या बाजूचे तितके, असा तोल लेखकाने इतका जपला आहे की गाडीच्या तोंडून कधी कधी संपादकीय ऐकू येते. तरी तिचा ठसा जात नाही.

आमची अडचण इथे सुरू होते. दक्षिणेतला मराठी मुसलमान या दोन्ही गाड्यांत नीट बसत नाही. मामाच्या गावाची गाडी त्याच्या भाषेतली आहे, पण तिच्यातल्या घराचे अंगण त्याचे नाही. पेशावरची गाडी त्याच्या लिपीतली आहे, पण त्याचे आजोबा तिच्यातून कधी गेले नव्हते. ते गेले येवल्याहून दौंडला, कुर्डुवाडीहून पुण्याला, भुसावळहून कल्याणला. आणि तरी, एखादा मुसलमान म्हातारा रेल्वेबद्दल बोलू लागला, की ऐकणारा यांपैकी एका गाडीची वाट पाहत बसतो. बाहेरचा ऐकणारा फाळणीची, घरातला मामूच्या घराची. आम्ही आमच्या वर्गात दुसरी अपेक्षा ठेवून बसलो होतो आणि मुलांनी ती पुरवली. त्यांच्या आजोबांनी खरोखर तेच सांगितले, की मुलांनी टीचरला आवडेल ते लिहिले, हे आता शोधून काढणे कठीण.

चूक कळली ती योगायोगाने. दौंडला नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. दौंड हे रेल्वेचेच गाव. जेवणाच्या पंगतीनंतर रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध चाचा भेटले; वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले होते. आम्ही हौसेने कोळशाच्या इंजिनाचा विषय काढला. चाचा म्हणाले, "धुआँ तुम लोगों ने देखा, हमने खाया." मग ते १९७४ च्या संपावर बोलत राहिले. मे महिन्यातले ते वीस दिवस, अटका, नोकरी जाईल म्हणून घरातली धास्ती. इंजिनाच्या शिट्टीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. त्याच वर्षी रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला, हे त्यांनीच सांगितले, आणि हसून म्हणाले, की पाटी बदलली, माणसे तीच होती.

बोलता बोलता आम्ही सहज विचारले, दौंडला गाडी कधी उलटी जाते का. चाचांनी आमच्याकडे असे पाहिले, की यांना बी.एड. कोणी दिले. मनमाडकडून येणारी लाईन दौंडला पुण्याच्या बाजूनेच येऊन मिळते. त्यामुळे मनमाडहून पुण्याला जाणारी गाडी दौंड स्टेशनात शिरली, की तिचे तोंड सोलापूरकडे होते. मग पुढचे इंजिन सोडायचे, मागच्या टोकाला इंजिन लावायचे, ब्रेकची तपासणी करायची, गार्डने आपली पेटी घेऊन या टोकाहून त्या टोकाला जायचे, आणि मग गाडी आली त्याच बाजूने बाहेर पडायची. थोडे अंतर गेल्यावर फाटा येतो, एक वाट मनमाडला, एक पुण्याला. डब्यात बसलेल्या माणसाला फाटा कळत नाही. त्याला एवढेच कळते, की मघाशी पुढे पाहत बसलो होतो तो आता पाठमोरा चाललो आहे.

म्हणजे त्या दादीने पाहिले ते अक्षरशः खरे होते. तिला जे वाटले तेही बरोबर होते. पहिल्या काही मिनिटांपुरती ती गाडी खरोखरच घराच्या दिशेने निघाली होती. चूक होती ती फक्त लाल शाईची.

घरी परतल्यावर आम्ही इंतिज़ार हुसैन यांची 'कटा हुआ डिब्बा' ही कथा पुन्हा काढली. मराठी वाचकांपर्यंत ती पोचायला हवी, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर. इंतिज़ार हुसैन मूळचे उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातले, १९४७ मध्ये लाहोरला गेले, २०१६ मध्ये वारले. मागे राहिलेल्या वस्तीची आठवण हा त्यांच्या लेखनाचा जीव. पुरोगामी समीक्षकांनी त्यांना याबद्दल पुष्कळ बोल लावले, की हा माणूस मागेच पाहत राहतो. 'कटा हुआ डिब्बा'मध्ये काही वयस्क मंडळी जमली आहेत आणि प्रवासाच्या गोष्टी निघाल्या आहेत. पूर्वीचा प्रवास कसा होता, आगगाडी आल्यावर प्रवासातली मजा कशी गेली, वगैरे. ज्यांना रेल्वे म्हणजेच जुन्या काळाचे सुख वाटते त्यांनी हे मुद्दाम वाचावे. इथे म्हाताऱ्यांच्या लेखी रेल्वे हीच ती नवी गोष्ट, जिने जुने मोडले. प्रत्येक पिढीचे सुख तिच्या आधीच्या वाहनात असते.

त्या बैठकीत मंजूर हुसैन नावाचा एकजण आहे. इतरांच्या गोष्टी ऐकता ऐकता त्याला स्वतःचा एक प्रवास आठवू लागतो. डब्यातली रात्र, एक सहप्रवासी स्त्री. आठवण आधी पुसट आहे, मग हळूहळू स्पष्ट होत जाते. ती सांगावी असे त्याला तीव्रतेने वाटते. पण कधी दुसऱ्याची गोष्ट सुरू असते, कधी बोलणे भलतीकडे वळते, कधी त्यालाच वाटते की यात सांगण्यासारखे काय आहे. सांगणे राहून जाते. शीर्षकातला डबा गाडीपासून सुटून मागे राहिलेला आहे, आणि बाकीची गाडी निघून गेली आहे. हा डबा म्हणजे मंजूर हुसैनची आठवण, असे सरळ समीकरण मांडता येईल. शिक्षकी पेशातल्या माणसाला तो मोह होतोच. आम्हाला त्यापेक्षा वेगळे काही महत्त्वाचे वाटते. त्या बैठकीत कोणी दुष्ट नाही. सगळे जिवाभावाचे आहेत, सगळे आठवणींतच रमलेले आहेत. आणि तिथेच एका माणसाची आठवण मुकी राहते. प्रत्येकाजवळ आपली गोष्ट तयार असल्यामुळे दुसऱ्याच्या कच्च्या, अर्धवट, शेवट नसलेल्या गोष्टीला जागा मिळत नाही. आठवणींच्या बैठकी आठवणींना मारक कशा ठरतात, हे या कथेइतके शांतपणे दुसरीकडे सांगितलेले आम्हाला आढळले नाही.

कथेत एक उणीव आहे, आणि ती लहान नाही. बैठक पुरुषांची आहे. मंजूर हुसैनच्या आठवणीत ती स्त्री आहे, पण ती पाहिली जाते, पाहत नाही. ती कुठून निघाली होती, कुठे उतरली, आपल्याकडे कोणी पाहते आहे हे तिला कळले का, यातले काही लेखकाला नको आहे. पुरुषाच्या न सांगितलेल्या आठवणीसाठी उर्दूत एक उत्तम कथा लिहिली गेली. त्याच डब्यातल्या स्त्रीची आठवण मात्र आमच्या वर्गातल्या एका वहीत अर्ध्या पानावर आली, आणि तिला चार गुण मिळाले.

या विषयाला आता शास्त्राचाही आधार आहे, असे सांगितले जाते. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये असे मांडले, की म्हातारपणी माणूस मागचे आठवत बसतो हे बुद्धी मंदावल्याचे लक्षण मानू नये. आयुष्याचा तो स्वतःशी घेत असलेला आढावा असतो. तेव्हापासून वृद्धांबरोबर जुनी छायाचित्रे, गाणी, वस्तू घेऊन बसण्याच्या पद्धती निघाल्या. आम्हाला बी.एड.ला बालमानसशास्त्र होते, वृद्धांचे काही नव्हते. शिक्षकाचा म्हाताऱ्यांशी काय संबंध, असे अभ्यासक्रम करणाऱ्यांना वाटले असावे. बटलरच्या म्हणण्यातला आढावा हा शब्द आम्हाला मोलाचा वाटतो. आढाव्यात जमा असते तशी खर्चाचीही बाजू असते. आपल्याकडच्या कार्यक्रमांत फक्त जमा वाचून दाखवतात. ज्येष्ठ नागरिकांच्या अशाच एका मेळाव्याला आम्ही गेलो होतो. विषय होता जुन्या काळचा प्रवास. वक्ते डेक्कन क्वीनवर रसाळ बोलले, १ जून १९३० पासूनचा तिचा इतिहास त्यांनी सांगितला. भाषण संपल्यावर प्रश्न विचारा म्हटल्यावर मागचे एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, की तिकिटातली आमची सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी बंद झाली, ती परत कधी देणार ते सांगा. पुरुषांना चाळीस टक्के, बायकांना पन्नास टक्के असे ती सवलत. सभागृहात हशा पिकला. वक्त्यांनीही हसून वेळ निभावून नेली. त्या आजोबांची रेल्वेची आठवण पाच-सहा वर्षांपूर्वीचीच होती, आणि ती त्या संध्याकाळच्या विषयात बसत नव्हती.

आमच्या मुस्लिम मराठी लेखनाबद्दल याच अनुषंगाने एक गोष्ट नोंदवतो. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण अस्मितेवर, भाषेवर, दंगलींवर, शिक्षणावर भरपूर लिहिले. लिहायलाच हवे होते. पण प्रवासवर्णन म्हटले की हजचे, आणि आठवण म्हटली की हलाखीची किंवा हल्ल्याची, अशी आपलीही दोन-तीन मापे ठरून गेली. नव्या नवरीला गाडी उलटी फिरल्याचा आनंद होतो, या आठवणीला आपल्याही अंकात कोणता विभाग आहे? ती दुःखाची म्हणावी तर तिच्यात खरा आनंद आहे. आनंदाची म्हणावी तर तो दौंड सोडल्यावर पुण्यापर्यंतचा. सासरचा जाच, बालविवाह, स्त्रीमुक्ती, यांपैकी कुठलेही नाव दिले की ती लगेच समजते, आणि समजली की हातची जाते.

शेवटी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. वहीवरचा शेरा खोडून नवे गुण दिले होते, ते दाखवायचे निमित्त होते. खरे तर दादीच्या तोंडून ते सगळे पुन्हा ऐकायचे होते. डब्यात कोण कोण होते, खिडकी मिळाली होती का, गाडी उलटी सुटली तेव्हा ती कोणाला काही बोलली का, आणि चूक कधी कळली. प्रश्नांची यादी आम्ही मनात करून नेली होती. घरात दादी, तिची सून, धाकटा मुलगा आणि शेजारची एक बाई. मुलाने खुर्ची दिली. चहा आला. दादीने आमची जात-पात नव्हे पण मायका-सासर सगळे विचारून घेतले, कांद्याच्या भावाबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली. आम्ही रेल्वेचा विषय काढला तेव्हा मुलगा हसून म्हणाला, "अम्मी, क्या तो भी बोली तुम पोट्टी कू, स्कूल में लिख के आयी." दादीने पदर सारखा केला. "छोड़ो बेटी," ती म्हणाली, "वो तो मैं ऐसेच बोली थी."

आम्ही चूक झाल्याचे सांगितले. गाडी खरेच उलटी जात होती, तुम्ही बरोबर होतात, असे सांगितले. तिला त्याचे फारसे काही वाटले नाही. आपण बरोबर होतो हे तिला साठ वर्षे माहीतच होते.

निघताना ती दारापर्यंत आली. मुलगा आत गेला होता. तिने विचारले, "अब भी वैसाच करते क्या दौंड में? इंजन इधर का उधर?" आम्ही सांगितले, की आता बाहेरून कॉर्ड लाईन झाली आहे, काही गाड्या दौंडच्या मोठ्या स्टेशनात न जाता त्या लाईनवरून परस्पर पुण्याला जातात, त्यांचे इंजिन बदलावे लागत नाही.

"सीधी जाती?"

"हौ, सीधी."

तिने मान हलवली आणि अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करू लागली. ऊन गेले होते. आम्ही थोडा वेळ तिथेच बसून तिच्याबरोबर मिरच्या सुपात भरल्या.